चिनी विमान कंपनीचं स्वस्त तिकीट: काढण्याआधी काय काय तपासायचं

लंडन–सिडनी, फ्रँकफर्ट–टोकियो, पॅरिस–बँकॉक असा कुठलाही लांबचा प्रवास शोधा आणि यादी किमतीनुसार लावा. वरच्या चार-पाच ओळींत चायना ईस्टर्न, एअर चायना, चायना सदर्न किंवा हायनान यांपैकी एखादं नाव बहुतेक वेळा दिसतं. युरोप-ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या मराठी मंडळींना हे नवीन नाही. आता भारतातूनही ही दारं उघडली आहेत. पाच वर्षांहून अधिक काळ बंद असलेली भारत–चीन थेट विमानसेवा ऑक्टोबर २०२५ मध्ये इंडिगोच्या कोलकाता–ग्वांगझू फेरीनं पुन्हा सुरू झाली आणि नोव्हेंबरात चायना ईस्टर्न शांघाय–दिल्ली मार्गावर परतली.

तिकीट घ्यावं की नाही, याचं एका शब्दात उत्तर नाही. मात्र भाव कशामुळे उतरला आहे हे नीट पाहिलं, तर वाचलेले पैसे पुढे कुठे खर्ची पडू शकतात याचा अंदाज बराच बांधता येतो. म्हणून आधी कारणं बघू, मग पायऱ्या.

स्वस्त पडतं कशामुळे

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियानं युक्रेनवर हल्ला केला. युरोपीय संघानं रशियन विमानांना आपलं आकाश बंद केलं आणि रशियानं लगेच उलट ३६ देशांच्या विमान कंपन्यांना मज्जाव केला. युरोपातून चीन, जपान, कोरियाला जाणारा सगळ्यात जवळचा रस्ता सायबेरियावरून जातो. तो युरोपीय कंपन्यांसाठी बंद झाला, चिनी कंपन्यांसाठी चालूच राहिला. सर्वांत जबर फटका फिनलंडच्या फिनएअरला बसला, कारण तिचा सगळा धंदाच हेलसिंकीहून आशियाला जाणाऱ्या जवळच्या वाटेवर उभा होता. हेलसिंकी–टोकियो नऊ-साडेनऊ तासांचं उड्डाण तेरा तासांवर गेलं.

वळशामुळे जास्त इंधन लागतं, हे सगळेच सांगतात. पण हिशेब मांडला तर इंधन हा त्यातला लहान भाग निघतो. एअरबस ए३५०-९०० ताशी साधारण सहा टन इंधन जाळतं. दोन तास जास्त उडालं तर बारा टन. टनाला ८०० डॉलर धरले तर ९,६०० डॉलर, आणि विमानात २५० प्रवासी असतील तर माणशी चाळीस डॉलरच्या आत. तिकिटांतला फरक याहून कितीतरी मोठा असतो.

खरी मेख विमानाच्या फेऱ्यांत आहे. रशियावरून गेलं तर बीजिंग–लंडन जाऊन-येऊन साधारण एकवीस तास लागतात. दोन्ही टोकांना साफसफाई, इंधन, प्रवासी चढवणं यासाठी दीड-दीड तास धरला तरी २४ तासांत फेरी बसते, म्हणजे एकाच विमानावर रोजची सेवा चालते. वळसा घालणाऱ्या कंपनीला लंडनहून जाताना अकरा आणि परतताना तेरा तास लागले, तर तेवढ्याच कामाला २७ तास होतात. मग रोजच्या सेवेसाठी एक विमान पुरत नाही आणि दुसऱ्याचा काही भाग या मार्गावर अडकवावा लागतो. शिवाय वैमानिकांच्या कामाच्या तासांची मर्यादा ओलांडते, म्हणून जादा माणूस न्यावा लागतो. अशा मार्गावर नफा उरत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये व्हर्जिन अटलांटिकनं पंचवीस वर्षांनंतर लंडन–शांघाय बंद केलं. त्याच सुमारास ब्रिटिश एअरवेजनं लंडन–बीजिंग आणि लुफ्थान्सानं फ्रँकफर्ट–बीजिंग थांबवलं. नोव्हेंबरात स्कँडिनेव्हियन एअरलाइन्स कोपनहेगन–शांघाय मार्गावरून बाहेर पडली.

दुसरं कारण रशियाशी संबंधित नाही. चिनी कंपन्यांनी कोविडच्या आधी मोठी विमानं भरपूर घेऊन ठेवली होती. कोविडनंतर चिनी पर्यटक परदेशी पूर्वीइतके लवकर बाहेर पडले नाहीत आणि अमेरिकेच्या फेऱ्यांवर मर्यादा आली. कोविडआधी चीन आणि अमेरिका, दोन्ही देशांच्या कंपन्यांना आठवड्याला प्रत्येकी दीडशेहून अधिक फेऱ्यांची परवानगी होती. चिनी कंपन्यांना मार्च २०२४ अखेरपासून मिळाल्या पन्नास. रिकामी विमानं कुठेतरी उडवायलाच हवीत, म्हणून ती युरोप, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडकडे वळली. ऑस्ट्रेलियाच्या क्वांटासनं जुलै २०२४ मध्ये सिडनी–शांघाय थांबवलं, तेव्हा तिची विमानं बरेचदा अर्धी रिकामी जात होती. त्या मार्गावर रशियाचा काही संबंध नाही. तिथे जागाच इतक्या झाल्या की भाव कोसळले.

तिसरी गोष्ट मालकीची. एअर चायना, चायना ईस्टर्न आणि चायना सदर्न या तिन्ही मोठ्या कंपन्या केंद्र सरकारच्या मालकीच्या आहेत आणि दुय्यम शहरांतून परदेशी विमान सुरू व्हावं म्हणून प्रांतिक सरकारंही पैसा ओततात. लुफ्थान्सा आणि एअर फ्रान्स-केएलएमचे प्रमुख यावरून ब्रुसेल्सकडे, म्हणजे युरोपीय संघाकडे, सतत तक्रार करत असतात. तक्रारीत तथ्य आहे, पण रशियाचा फायदा एकट्या चीनला नाही हेही खरं. आखाती आणि तुर्की कंपन्या तिथून उडतात. एअर इंडियाही अमेरिकेला जाताना त्या आकाशातून गेली आहे. जून २०२३ मध्ये तिचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान इंजिनातल्या बिघाडामुळे रशियाच्या मगादान इथे उतरवावं लागलं होतं. आणि एप्रिल २०२५ पासून पाकिस्ताननं भारतीय कंपन्यांना आकाश बंद केल्यावर दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या एअर इंडियावर तीच वेळ आली, जी फिनएअरवर आली होती.

तुमच्यापुढचं तिकीट यांपैकी कोणत्या कारणानं स्वस्त आहे, ते ओळखा. रशियामुळे स्वस्त असेल तर तो भाव राजकारणाच्या हातात आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या वाहतूक खात्यानं, अमेरिकेला येणाऱ्या-जाणाऱ्या चिनी विमानांना रशियावरून उडायला मनाई करावी असा प्रस्ताव मांडला होता. जास्तीच्या जागांमुळे स्वस्त असेल तर धोका वेगळा: फेरी भरली नाही की ती वेळापत्रकातून गायब होते. प्रवाशाला हा दुसरा धोका जास्त वेळा भोवतो.

पायरी १: नकाशावर रेघ ओढा

चीनमार्गे जाणं प्रत्येक प्रवासाला सोयीचं नाही. गूगल मॅप्सवर किंवा अंतर मोजणाऱ्या कुठल्याही साइटवर दोन्ही टप्प्यांची बेरीज करा आणि थेट अंतराशी ताडून पाहा.

लंडन–सिडनी हे सरळ अंतर साधारण १७,००० किलोमीटर. लंडन–शांघाय ९,२०० आणि शांघाय–सिडनी ७,८५०, म्हणजे शांघाय जवळजवळ सरळ रेषेवरच येतं. दुबईमार्गे हेच अंतर साडेपाचशे किलोमीटरनं वाढतं. युरोप–ऑस्ट्रेलिया मार्गावर चिनी कंपन्या आखाती कंपन्यांना जड जातात त्याचं भौगोलिक कारण हे. फ्रँकफर्ट–टोकियो ९,४००, बीजिंगमार्गे ९,९००, तेही ठीकच.

भारतातून चित्र बदलतं. मुंबई–लंडन ७,२०० किलोमीटर. शांघायला जाऊन लंडनला यायचं म्हटलं तर १४,००० च्या वर, दुप्पट. भाव कितीही कमी असला तरी त्यात काही अर्थ नाही. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला मात्र शांघायमार्गे १४,१००, थेट १२,४००, म्हणजे विचार करण्याजोगं. ग्वांगझूमार्गे दिल्ली–सिडनीही फार वाकडं नाही. ढोबळ नियम असा: बेरीज थेट अंतराच्या सव्वा पटीपेक्षा जास्त झाली की सोडून द्या.

पायरी २: तिकीट कोणाचं, विमान कोणाचं

विमानाच्या क्रमांकातली पहिली दोन अक्षरं पाहा. सीए म्हणजे एअर चायना, एमयू चायना ईस्टर्न, सीझेड चायना सदर्न, एचयू हायनान. पण क्रमांक एकाचा आणि विमान दुसऱ्याचं, असं कोडशेअरमध्ये सर्रास होतं. म्हणून "उड्डाण कोण करणार" ही बारीक अक्षरांतली ओळ वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. युरोपीय कंपनीच्या साइटवर युरोपीय क्रमांकानं घेतलेलं तिकीट प्रत्यक्षात चिनी विमानाचं असू शकतं.

तिकीट निघाल्यावर तेरा आकडी ई-तिकीट क्रमांक मिळतो. त्यातले पहिले तीन आकडे तिकीट कोणत्या कंपनीच्या नावावर निघालं ते सांगतात: एअर चायना ९९९, चायना ईस्टर्न ७८१, चायना सदर्न ७८४, हायनान ८८०. गडबड झाली की बदल करण्याचा अधिकार तिकीट काढणाऱ्या कंपनीकडे असतो, आणि मध्ये एजंट साइट असेल तर आधी तिच्याकडे. हा क्रमांक पैसे भरल्यापासून २४ तासांत आला नाही, तर तुमच्याकडे अजून तिकीट नाही, नुसतं आरक्षण आहे. एजंट साइटचा संदर्भ क्रमांक वेगळा असतो. कंपनीचा सहा अक्षरी पीएनआर मागून घ्या आणि कंपनीच्या साइटवर टाकून बघा.

एजंटकडे पाच-सात टक्के स्वस्त मिळत असेल तरी शक्यतो कंपनीच्या साइटवरूनच घ्या. चिनी कंपन्यांच्या बाबतीत हे जरा जोर देऊनच सांगावं लागतं, कारण फेरी रद्द झाली की कंपनी एजंटकडे बोट दाखवते, एजंट कंपनीकडे, आणि परतावा महिनोन्‌महिने अडकतो. पैसे क्रेडिट कार्डानं भरा. ब्रिटनमध्ये १०० पौंडांहून अधिक किमतीच्या खरेदीवर क्रेडिट कार्ड कंपनीही कायद्यानं जबाबदार असते. डेबिट कार्डाला ते संरक्षण नाही.

नावाबद्दल एक सूचना खास मराठी पासपोर्टांसाठी. आपल्याकडे बहुतेकांच्या पासपोर्टवर पहिल्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं. तिकिटावर ते दोन्ही, पासपोर्टवर आहे त्याच क्रमानं भरा. आडनावाचा रकाना पासपोर्टवर रिकामा असेल तर कंपनीला आधी विचारा. काउंटरवर जाऊन नाव दुरुस्त करून घेणं चिनी कंपन्यांकडे फार वेळखाऊ काम आहे.

पायरी ३: विमानतळ एकच आहे ना?

बीजिंगला दोन आंतरराष्ट्रीय विमानतळ आहेत. जुना कॅपिटल (पीईके) ईशान्येला, २०१९ मध्ये सुरू झालेला डाशिंग (पीकेएक्स) दक्षिणेला, दोघांमध्ये साठ किलोमीटरहून जास्त अंतर. एअर चायनाचा मुख्य तळ कॅपिटल, तर चायना सदर्न आणि चायना ईस्टर्न डाशिंगहून चालतात. शांघायला पुडोंग (पीव्हीजी) आणि होंगचाओ (एसएचए). चेंगडूला तिआनफू (टीएफयू) आणि शुआंगलिऊ (सीटीयू). शोध साइटला "बीजिंग ते बीजिंग" जोडणी दिसते आणि ती पाच तासांचा थांबा म्हणून दाखवते. प्रत्यक्षात त्या पाच तासांत तुम्हाला चीनमध्ये प्रवेश करायचा असतो, बॅगा घ्यायच्या असतात आणि शहर ओलांडायचं असतं. शांघायमध्ये डिसेंबर २०२४ पासून दोन विमानतळांना जोडणारी जलद रेल्वे आहे, ती साधारण चाळीस मिनिटं घेते. तरीही भारतीय पासपोर्टवर हा खेळ करू नये.

म्हणून तीन अक्षरी कोड जुळवून बघा. येण्याचा आणि निघण्याचा कोड वेगळा दिसला की पान बंद करा.

पायरी ४: पासपोर्टचा नियम

सगळ्यात जास्त माणसं इथे अडकतात.

विमान बदलताना चीनमध्ये व्हिसाविना थांबण्याचे दोन वेगळे नियम आहेत. पहिला २४ तासांचा: तिसऱ्या देशाचं पक्कं पुढचं तिकीट हातात असेल आणि २४ तासांच्या आत निघत असाल तर व्हिसा लागत नाही. हा भारतीय पासपोर्टलाही लागू आहे. मोठ्या विमानतळांवर आतल्या आत विमान बदलता येतं. बाहेर पडायचं असेल तर सीमा अधिकाऱ्याकडून तात्पुरता प्रवेश परवाना घ्यावा लागतो, आणि तो द्यायचा की नाही हे अधिकारी ठरवतो.

दुसरा २४० तासांचा, म्हणजे दहा दिवसांचा, डिसेंबर २०२४ पासून. ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर आणि बरेचसे युरोपीय देश या यादीत आहेत. भारत नाही. इथे अट अशी की ज्या देशातून आलात त्याहून वेगळ्या देशात जायला हवं. लंडन–शांघाय–सिडनी चालतं, लंडन–शांघाय–लंडन चालत नाही. या नियमात हाँगकाँग चीनपासून वेगळा प्रदेश मानला जातो.

घरात आई-वडिलांकडे भारतीय आणि मुलाकडे ब्रिटिश पासपोर्ट असेल, तर एकाच कुटुंबाला दोन नियम लागू होतात. मुलाला निदान दहा दिवस शहर बघता येईल, आई-वडिलांना एक दिवस. अशा वेळी सगळ्यांसाठी सर्वांत कडक नियम धरून बेत आखावा. ओसीआय कार्डाचा इथे काही उपयोग नाही.

भारतीय पासपोर्टवर आणखी एक गोष्ट मोजायची, ती फार कमी जण मोजतात: पुढची फेरी आठवड्यातून किती वेळा आहे? ती रोज असेल आणि तुमची जोडणी चुकली, तर दुसऱ्या दिवशीचं विमान साधारण २४ तासांच्या आसपास मिळतं, आणि तेवढंही काठावरचं असतं. फेरी आठवड्यातून तीनदाच असेल तर तुम्ही २४ तासांच्या मर्यादेबाहेर गेलात, आता तुम्हाला व्हिसा हवा आणि तो विमानतळावर सहज मिळत नाही. म्हणून भारतीय पासपोर्टवर प्रवास करणाऱ्यानं पुढच्या टप्प्याला रोज किमान एक फेरी असलेलाच मार्ग निवडावा. शक्य असेल तर त्याच शहराला जाणारी दुसऱ्या कंपनीचीही फेरी आहे का ते पाहावं.

चीनच्या आत देशांतर्गत टप्पा असलेलं तिकीट, उदाहरणार्थ लंडन–ग्वांगझू–शांघाय–ओसाका, टाळा. पहिल्या विमानतळावर प्रवेश, बॅगा, कस्टम, पुन्हा चेक-इन असं सगळं करावं लागतं आणि २४ तासांचं घड्याळ तोवर चालूच राहतं.

नोव्हेंबर २०२५ मध्ये जन्मस्थान अरुणाचल प्रदेश असलेल्या, ब्रिटनमध्ये राहणाऱ्या एका भारतीय महिलेला जपानला जाताना शांघाय विमानतळावर बराच वेळ अडवून ठेवलं गेलं. भारतानं त्याचा निषेध नोंदवला आणि डिसेंबरात चीनला जाणाऱ्या किंवा चीनमार्गे प्रवास करणाऱ्या भारतीयांना विचारपूर्वक निर्णय घेण्याचा सल्ला दिला. पासपोर्टवर अरुणाचल जन्मस्थान असेल तर चीनमार्गे जाऊ नये, असंच आमचं मत आहे. भाव कितीही कमी असो.

पायरी ५: थांबा किती ठेवायचा

दीड तासाची जोडणी तिकिटावर अधिकृत म्हणून दिसते, पण ती घेऊ नका. पुन्हा होणारी सुरक्षा तपासणी, ट्रान्सफरच्या रांगा आणि पुडोंगसारख्या ठिकाणी मुख्य इमारतीपासून वेगळ्या असलेल्या टर्मिनलपर्यंतची छोटी रेल्वे, हे सगळं धरलं तर तीन ते पाच तासांचा थांबा योग्य. वीस तासांहून जास्त नको. तेवीस तासांचा थांबा कागदावर २४ तासांच्या नियमात बसतो खरा, पण पुढचं विमान दोन तास उशिरा सुटलं की बसत नाही.

लांब थांब्यावर काही कंपन्या हॉटेल देतात. चायना सदर्न ग्वांगझूत आठ तासांहून जास्त थांब्यावर ठरावीक तिकिटांना खोली देते. ते आधी आरक्षित करावं लागतं, आणि तिथवर पोचायला तो तात्पुरता प्रवेश परवाना लागतोच. परवाना नाकारला तर रात्र खुर्चीवर काढायची तयारी ठेवा.

पायरी ६: उशीर झाला तर हातात काय येतं

युरोपीय संघातल्या देशांतून सुटणाऱ्या प्रत्येक विमानाला, कंपनी कुठल्याही देशाची असो, युरोपीय संघाचा नुकसानभरपाईचा नियम लागू होतो. ३,५०० किलोमीटरहून लांबच्या प्रवासात कंपनीच्या चुकीमुळे अंतिम ठिकाणी चार तासांहून जास्त उशीर झाला तर माणशी ६०० युरो. तीन ते चार तासांचा उशीर असेल तर रक्कम निम्मी होऊ शकते. ब्रिटनमध्ये हीच रक्कम ५२० पौंड आहे. एकाच आरक्षणावर फ्रँकफर्ट–शांघाय–सिडनी असेल आणि शांघायला जोडणी चुकून सिडनीला पाच तास उशिरा पोचलात, तरी दावा करता येतो, कारण सगळा प्रवास एक धरला जातो.

परतीचं मात्र उलटं. सिडनी–शांघाय–फ्रँकफर्ट चिनी कंपनीनं आलात तर हा नियम लागू होत नाही, कारण प्रवास युरोपाबाहेरून सुरू झाला आणि कंपनी युरोपीय नाही. लुफ्थान्सा किंवा केएलएमच्या विमानानं आला असता तर लागू झाला असता. चीनच्या नियमांत ठरलेली रक्कम नाही, कंपनीच्या अटींत जे लिहिलं असेल तेवढंच. म्हणजे जाण्या-येण्याच्या तिकिटात निम्म्या प्रवासालाच हे संरक्षण आहे, आणि तिकिटांची तुलना करताना याची किंमत धरायला हवी.

दोन वेगळी तिकिटं जोडून प्रवास करू नका. पहिलं उशिरा पोचलं तर दुसरी कंपनी जबाबदार नाही, बॅगा शेवटपर्यंत जात नाहीत आणि २४ तासांच्या सवलतीसाठीही वाद घालावा लागतो.

विम्याची पॉलिसी घेताना दोन कलमं वाचा: जोडणी चुकल्यास भरपाई आहे का, आणि युद्धग्रस्त भागाबद्दलचा अपवाद कसा लिहिला आहे. डिसेंबर २०२४ मध्ये अझरबैजान एअरलाइन्सचं विमान ग्रोझ्नीजवळ रशियन हवाई संरक्षणाच्या माऱ्यात सापडून नंतर अकताऊजवळ कोसळलं आणि ३८ जण गेले. त्यानंतर युरोपीय विमान सुरक्षा यंत्रणेनं रशियाच्या पश्चिम भागावरून न उडण्याची शिफारस केली होती. चिनी विमानं तरीही रशियावरून उडत राहिली. हा धोका कुणाला किती वाटावा हे ज्याचं त्यानं ठरवावं, पण मार्ग कुठून जातो ते माहीत हवं. फ्लाइटरडार२४ वर त्याच क्रमांकाच्या मागच्या आठवड्यातल्या फेऱ्या पाहिल्या की मार्ग दिसतो, आणि फेरी किती वेळा उशिरा आली तेही.

पायरी ७: खरी किंमत काढा

समजा, लंडन–सिडनी जाऊन-येऊन चिनी कंपनीचं तिकीट ७२० पौंडांना आणि आखाती कंपनीचं ९३० ला मिळतंय. आकडे उदाहरणाचे, पण फरक साधारण असाच दिसतो. २१० पौंड वाचतात असं वाटतं. आता वजावट करा. आवडती सीट निवडायचे ४०. परतीच्या चौदा तासांच्या थांब्यात खाणं आणि लाउंज ६०. जोडणीसाठी चांगल्या विम्याचे जादा २५. बॅगांचं वजन दोन्हीकडे सारखं आहे ना ते पाहा. चिनी कंपन्यांत एक बॅग की दोन हे मार्ग आणि तिकिटाच्या प्रकारानुसार बदलतं, आणि एक जादा बॅग उरलेला सगळा फायदा खाऊन टाकते. इथवर उरले ८५. एका माणसाला ८५ पौंडांसाठी लांब थांबा आणि जोडणीचा धोका पत्करायचा का? चौघांच्या कुटुंबाला ३४० पौंड म्हणजे उत्तर वेगळं येऊ शकतं. सगळं वजा करून पंधरा टक्क्यांहून कमी फरक उरला, तर नेहमीची कंपनी बरी.

तिकीट काढल्यानंतर

वेळापत्रक मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं. तुमची तारीख त्यानंतरची असेल तर बदलाच्या सहा-आठ आठवडे आधीपासून दर आठवड्याला पीएनआर तपासा. फेऱ्या कमी होतात त्या याच वेळी, आणि ईमेल नेहमी येतोच असं नाही. राजकारणाचाही तडाखा बसतो: नोव्हेंबर २०२५ मध्ये चीननं आपल्या नागरिकांना जपानला जाऊ नका असं सांगितल्यावर चीन–जपान मार्गावरच्या बऱ्याच फेऱ्या रद्द झाल्या. युरोपातून शांघायमार्गे ओसाकाला निघालेल्यांचा त्या भांडणाशी काही संबंध नव्हता.

शाकाहारी असाल तर जेवणाची मागणी किमान ४८ तास आधी नोंदवा. हिंदू शाकाहारीसाठी एव्हीएमएल, जैन जेवणासाठी व्हीजेएमएल असा कोड असतो. परतीच्या टप्प्यांवरही तो नोंदलाय ना ते वेगळं तपासा, बहुतेक वेळा तो तिथेच गळतो. थोडा कोरडा खाऊ बरोबर असावा, पण ताजी फळं आणि मांस उतरण्याआधी संपवा.

पॉवर बँक हातातल्या सामानातच. क्षमता वॅट-तासांत मोजतात: मिलीअँपिअर-तास गुणिले ३.७ भागिले हजार. २०,००० ची बँक ७४ वॅट-तासांची, चालते. १०० च्या वर परवानगी लागते. जून २०२५ पासून चीनच्या देशांतर्गत विमानांत "३सी" (चीनची सक्तीची सुरक्षा प्रमाणपत्राची) खूण नसलेल्या पॉवर बँकांना बंदी आहे. भारतात घेतलेल्या बहुतेक बँकांवर ती खूण नसते, आणि तिकिटात देशांतर्गत टप्पा असेल तर ती तपासणीत काढून घेतली जाते.

चीनमध्ये गूगल आणि व्हॉट्सअ‍ॅप विमानतळाच्या वायफायवर चालत नाहीत. तुमच्या देशाच्या सिमचं रोमिंग किंवा परदेशी ई-सिम असेल तर बहुधा चालतात, म्हणून ते निघण्याआधी सुरू करा. पुढचं तिकीट, हॉटेलचं आरक्षण आणि विम्याची प्रत कागदावर ठेवा. पाणी-जेवणासाठी अलीपेमध्ये आंतरराष्ट्रीय कार्ड घरूनच जोडून ठेवावं.

चेक-इनच्या काउंटरवर बॅगेच्या पट्टीवरचा कोड वाचा. तो तुमच्या अंतिम ठिकाणाचा असला पाहिजे. पीव्हीजी (पुडोंग) किंवा सीएएन (ग्वांगझू) लिहिलं असेल तर बॅग मध्येच उतरणार. तिथल्या तिथे बदलून मागा. दोन्ही टप्प्यांचे बोर्डिंग पासही इथेच घ्या. बॅग आली नाही तर विमानतळ सोडण्याआधी तक्रार लिहून घेऊन क्रमांक मिळवा. मोडतोड झाली असेल तर सात दिवसांच्या आत, उशिरा मिळाली असेल तर एकवीस दिवसांच्या आत कंपनीला लेखी कळवावं लागतं. माँट्रिअल करारानुसार भरपाईची कमाल मर्यादा माणशी १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) आहे आणि चीन, भारत, ब्रिटन सगळ्यांना तो करार लागू आहे. सोनं, लॅपटॉप, औषधं मात्र त्या बॅगेत ठेवूच नका, कारण त्यांची भरपाई देताना कंपन्या अटींवर बोट ठेवतात.